२८२ मार्कांचा पोरगा आणि रात्री दोनपर्यंत जागणारा बाप

नागपुरात संध्याकाळी कुठल्याही कोचिंग क्लासच्या बाहेर उभं राहा. पोरगं बाहेर आलं की गाडीवर बसलेल्या बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला: "टेस्टमध्ये किती पडले?"

तर आज एका जुन्या निकालाची गोष्ट. साल १९०७, मुंबई, मॅट्रिकची परीक्षा. मार्क ७५० पैकी २८२, म्हणजे चाळीस टक्केसुद्धा नाहीत. विद्यार्थ्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. पुढे कोलंबिया आणि लंडन गाजवणारे आपले बाबासाहेब!

मग काय, वडील ढिले होते? अजिबात नाही. सुभेदार रामजी सकपाळ म्हणजे लष्करी शाळेचे हेडमास्तर राहिलेला माणूस. घरात शिस्त कडक. तर्खडकरांची भाषांतरमाला पाठ करून घ्यायचे, रामायण-महाभारत रोज वाचायला लावायचे. परळच्या चाळीत एकच खोली. त्यातच स्वयंपाक, त्यातच झोप, त्यातच अभ्यास. म्हणून रामजी मुलाला लवकर झोपवायचे आणि स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे. दोनला त्याला उठवायचे, मग आपण आडवे व्हायचे. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडून उसने आणायचे, नाहीतर त्यांचे दागिने गहाण ठेवायचे. पेन्शन आली की सोडवून परत करायचे.

आता जरा अमेरिकेत जाऊ. २०११ मध्ये एमी चुआ या कायद्याच्या प्राध्यापिकेनं आपल्या कडक आईपणावर पुस्तक लिहिलं आणि जगभर वाद पेटला. चिनी आई कडक असते म्हणून मुलं पुढे जातात, पाश्चात्त्य आई फार मोकळीक देते, असा तो वाद. खुद्द चुआंच्या धाकट्या मुलीनं बंड केलं, आणि व्हायोलिनचा हट्ट आईला सोडावा लागला.

म्हणजे सगळा संस्कृतीचाच खेळ? रामजींकडे पाहिलं की हे उत्तर अपुरं वाटतं. त्यांच्या मुलाला शाळेत वेगळं, गोणपाटावर बसावं लागायचं. नळाला हात लावायची मुभा नव्हती. दुसऱ्याच्या पोराला नापास होणं परवडलं असतं, याला नाही. कडकपणा तिथून आला होता.

पण खरी गंमत पुढे आहे. भीमरावांनी एकदा वडिलांना सरळ विचारलं: ज्या ग्रंथांत आपल्या लोकांना कमी लेखलंय, ते का वाचायचे? रामजींना आधी तो प्रश्न आवडला नाही. पुन्हा विचारल्यावर मात्र कारण सांगितलं: आपल्या मुलांच्या मनात न्यूनगंड येऊ नये म्हणून. द्रोण, कर्ण बघ, साधी माणसं किती वर गेली! पोराला पटलं नाही. यातलं कोणतंच पात्र मला आवडत नाही, असं त्यानं तोंडावर सांगितलं. रामजी गप्प राहिले. अभ्यासात सूट न देणाऱ्या बापानं मुलाच्या मतावर मात हात उगारला नाही.

त्याच शाळकरी वयात, एक परीक्षा पास झाल्याबद्दल वस्तीनं सत्कार ठरवला. पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून रामजींनी आधी नकार दिला. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना राजी केलं आणि सत्कारात भीमरावांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. महाभारतात जे सापडलं नाही, ते त्या पुस्तकात सापडू लागलं.

पुढचं तर प्रत्येक नागपूरकराला माहीत आहे. १४ ऑक्टोबर १९५६, दीक्षाभूमी, लाखो माणसं. रामजी तोवर जाऊन त्रेचाळीस वर्षं झाली होती. त्यांनी दिलेल्या ग्रंथांची वाट मुलानं सोडली होती, पण वाचायची आणि प्रश्न विचारायची सवय त्यांच्याच घरातली होती.

म्हणून घरी ऐकत असलेल्या आईबाबांना एवढंच विचारतो: पोराला पहाटे उठवता ना? खुशाल उठवा. पण "मला हे पटत नाही" असं तो म्हणाला, तर तुमच्या घरात पुढे काय होतं?

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!