छबिलदास (दादर, मुंबई)

दादर स्टेशनच्या पश्चिमेला, चालत दोन-चार मिनिटांवर असलेल्या छबिलदास मुलांच्या शाळेचे सभागृह. १९७४ पासून सुमारे १९९२ पर्यंत मराठी प्रायोगिक रंगभूमीचा मुंबईतला मुख्य अड्डा हाच. त्यावरूनच 'छबिलदास चळवळ' हे नाव रूढ झाले. ती खरोखर चळवळ होती की परवडणाऱ्या भाड्यात मिळालेली जागा, यावर मतभेद आहेत. भाड्याची बाजू मात्र सहसा कमी लेखली जाते.

पूर्वपीठिका : विजया मेहता यांची 'रंगायन' ही नाट्यसंस्था (१९६०) फुटल्यावर अरविंद व सुलभा देशपांडे, अरुण काकडे, विजय तेंडुलकर आदींनी १९७१ मध्ये 'आविष्कार' स्थापन केली. गिरीश कार्नाडांचे 'तुघलक' करून झाले, पण हक्काची जागा नव्हती. सुलभाताई छबिलदासमध्ये शिक्षिका होत्या. शाळा सुटली की सभागृह रिकामेच असे; तेच 'आविष्कार'ने वापरायला घेतले.

जागा व वापर : नाट्यगृहाचा थाट इथे नव्हता. नट आणि प्रेक्षक यांच्यात काही पावलांचेच अंतर, त्यामुळे कुजबुजही ऐकू जाई आणि खोटा हुंदका लगेच पकडला जाई. बादल सरकारांच्या 'जुलूस'मध्ये अमोल पालेकरांनी हे अंतरही पुसले आणि नटांना थेट प्रेक्षकांमध्ये वावरायला लावले. गल्लीतला बटाटेवडा हा या इतिहासाचा अनधिकृत भाग आहे. प्रयोगानंतरचे वाद तो हातात घेऊनच रंगत.

'आविष्कार'ने सभागृह स्वतःपुरते ठेवले नाही, इतर संस्थांनाही अल्प खर्चात उपलब्ध करून दिले. सत्यदेव दुबे यांच्या 'थिएटर युनिट'चे हिंदी प्रयोगही इथे झाले. गिरगाव वा शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या व्यावसायिक गणितात न बसणारी संहिता आधी इथे उभी राहून पाहायची, हा मराठी नाटकवाल्यांचा शिरस्ताच बनला. व्यवस्थापन बहुतांशी काकडेकाकांच्या खांद्यावर होते. नाटकाच्या इतिहासात दिग्दर्शकांना प्रकरणे मिळतात, कुलपे उघडणाऱ्यांना तळटीप. इथे तो अन्याय जास्तच जाणवतो.

बालनाट्य : 'आविष्कार'ची 'चंद्रशाला' सुलभाताईंनी चालवली. 'दुर्गा झाली गौरी' या नृत्यनाट्यात रमेश पुरव यांनी मुलांचा मोठा ताफा रंगमंचावर आणला.



पुढे : १९७८ मध्ये जुहूला 'पृथ्वी' उघडले, १९८६ मध्ये नरिमन पॉइंटला एनसीपीएचे प्रायोगिक नाट्यगृह. दोन्ही सुसज्ज, पण गिरणगाव-परळ-दादरच्या प्रेक्षकाला लांब पडणारी. अरविंद देशपांडे १९८७ मध्ये गेले. त्यांच्या स्मरणार्थ 'आविष्कार' नाट्यमहोत्सव भरवू लागली. दादर सुटल्यावर संस्थेने माहीमच्या महापालिका शाळेत मुक्काम हलवला, म्हणजे पुन्हा शाळेतच. महेश एलकुंचवारांची वाडा-नाट्यत्रयी सलग करण्याचा नऊ तासांचा खटाटोप यानंतरच्याच काळातला (१९९४, दिग्दर्शन चंद्रकांत कुलकर्णी). सुलभा देशपांडे २०१६ मध्ये आणि अरुण काकडे २०१९ मध्ये निवर्तले.