दिव्यावरील बंदी आणि दिव्याचा भाव

एडिसनचा दिवा १८७९ सालचा. तापलेली तार उष्णता फार आणि प्रकाश थोडा देते. विजेच्या शंभर भागांतील जेमतेम पाच प्रकाशरूपाने हाती येतात. तरीही तो सव्वाशे वर्षे घरोघरी टिकला, कारण तो स्वस्त होता. म्हणजे विकत घेताना स्वस्त. उरलेली किंमत विजेच्या बिलातून दरमहा वसूल होई. त्याला घराबाहेर काढावयाचे कसे, हा प्रश्न आम्हांस विज्ञानापेक्षा कायद्याच्या अंगाने अधिक विचारार्ह वाटतो.

युरोपीय संघाने बंदीचा मार्ग धरला. १ सप्टेंबर २००९ पासून शंभर वॅटचा दिवा बाजारात आणणे निषिद्ध झाले. २०१२ पर्यंत लहान दिव्यांचीही पाळी आली. घरात जळणाऱ्या दिव्याला कायद्याने हात लावला नव्हता, तरी लोकांनी जुन्या दिव्यांचे साठे केले. २०१० साली जर्मनीत दोघा गृहस्थांनी तेच दिवे ‘हीटबॉल’ या नावाने विक्रीस काढले. ही वस्तू दिवा नव्हेच, खोली ऊबदार करणारी लहानशी शेगडी आहे, प्रकाश केवळ आनुषंगिक, असा त्यांचा युक्तिवाद! प्रशासनाने तो मानला नाही. पण शंभरातले पंचाण्णव भाग उष्णता देणाऱ्या वस्तूस शेगडी म्हणणे तर्काला अगदीच सोडून होते, असे आम्हांस म्हणवत नाही.

आपल्याकडे दिल्लीहून देशभर अशी बंदी आली नाही. २००९ च्या बचत लॅम्प योजनेत सीएफएल दिवा साध्या दिव्याच्या भावाने, सुमारे पंधरा रुपयांस, द्यावयाचा होता. तूट क्योटो कराराखालील कार्बन क्रेडिट विकून भरून निघावयाची. पुढे त्या क्रेडिटचे भाव परदेशी बाजारात कोसळले आणि योजनेचा आधारच गेला. शिवाय त्या नळीत पारा, म्हणून फुटलेला दिवा टाकावा कोठे ही विवंचना निराळीच.

२०१४ साली पुदुच्चेरीत आरंभी दहा रुपये घेऊन एलईडी दिवे घरोघर दिले गेले. ५ जानेवारी २०१५ रोजी तीच कल्पना देशव्यापी झाली. तिलाच पुढे ‘उजाला’ हे नाव मिळाले. सरकारी कंपनीने निविदा काढून कोट्यवधी दिवे एकदम खरेदी केले. २०१४ च्या प्रारंभी ३१० रुपयांचा दिवा दोन-तीन वर्षांत चाळीस रुपयांखाली उतरला, आणि छत्तीस कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. भाव तीनशेवर असताना बंदी घातली असती, तर ती गरिबाच्या उजेडावरील पट्टीच ठरली असती. क्रम उलटा झाला, हे आम्ही या योजनेचे खरे श्रेय मानतो.

रात्री देवघरापाशी जळणारा ‘झिरोचा दिवा’ वाचकांस आठवत असेल. जुन्या मीटरवर त्याची नोंद होत नसे, म्हणून ते नाव. प्रत्यक्षात तो बारा ते पंधरा वॅट वीज खाई. आज नऊ वॅटचा दिवा सबंध खोली उजळतो.