थंडी कोणाला परवडते?

मंडळी, दोह्यात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात ऑगस्टमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "कधी एकदा थंडी पडतेय!" आमच्याकडेही तेच. यंदा मात्र चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, तुम्ही तर दिवसभर एसीत असता. एसी नव्हता तेव्हा लोक काय करायचे?" सर्व्हर रूममध्ये स्वेटर घालून बसणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हा प्रश्न जरा झोंबलाच. म्हणून थोडं वाचन केलं.

सुरुवात आपल्या महाबळेश्वरपासून. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याला तिथली हवा इतकी आवडली की १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ती जागा घेऊन त्याने पेठ वसवली. पुढे मुंबई सरकारच उन्हाळ्यात तिथे मुक्काम हलवू लागलं. साहेबाला घाम नको, म्हणून फायलींसकट कचेरी डोंगरावर! पण तिथल्या तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांकडून बटाटे आणि भाज्या पिकवून घेतल्या जात. त्यांना कोणी विचारलं असेल का, की बाबांनो, तुम्हाला थंडी आवडते का?

आता कतारकडे येऊ. इथे तर उलटाच प्रकार होता. तेलाआधी इथली कमाई म्हणजे मोती आणि मोत्यांचा मुख्य हंगाम ऐन उन्हाळ्यात, साधारण जून ते सप्टेंबर. कारण सरळ आहे. हिवाळ्यात समुद्राचं पाणी इतकं गार असतं की वारंवार बुड्या मारणं जमत नाही. पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून खाली जायचे आणि नावेवरचा साथीदार दोरीने त्यांना वर ओढायचा. बरेच जण आगाऊ उचल घेतल्यामुळे कर्जात अडकलेले. हंगामाच्या शेवटी नावा परतत तेव्हा किनाऱ्यावर बायका-मुलं वाट बघत उभी असत. यातले पुष्कळ मोती विकले जायचे कुठे? तर आपल्या मुंबईत! १९३० च्या आसपास जागतिक मंदी आणि जपानी कृत्रिम मोत्यांनी हा धंदा बुडवला. १९४९ मध्ये इथून तेलाची निर्यात सुरू झाली आणि पुढे घराघरांत एसी आले.

एक गंमत सांगतो. ऑगस्टच्या अखेरीस इथे पहाटे 'सुहैल' तारा दिसू लागला की अरब म्हणतात, उन्हाचा जोर आता ओसरणार. हा सुहैल म्हणजे आपला अगस्त्य! वराहमिहिराने बृहत्संहितेत त्याच्यावर अख्खा अध्याय लिहिलाय. अगस्त्य उगवला की पाऊस सरतो आणि नद्यांचं गढूळ पाणी निवळतं, अशी आपली समजूत. तारा एकच, फक्त वाट बघणारे वेगळे.

२०२२ मध्ये तर या थंडीने जगाचं वेळापत्रक बदललं. एरवी जून-जुलैत होणारा फुटबॉलचा विश्वचषक इथे २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर असा झाला. आपणही हलकं जॅकेट घालून सामने बघितले. पण ती स्टेडियम ज्यांनी बांधली ते मजूर कित्येक उन्हाळे उघड्यावर राबले होते, त्यात आपल्या देशाचेही पुष्कळ. भर दुपारी उघड्यावरचं काम बंद ठेवण्याचा नियम इथे २००७ मध्ये आला. २०२१ मध्ये तो वाढवून १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी साडेतीन असा केला गेला.

म्हणजे माल्कमसाहेबापासून माझ्यापर्यंत हिशोब एकच. थंडी सगळ्यांनाच आवडते, पण ती निवडणं प्रत्येकाच्या हातात नसतं. चिरंजीवांना एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी बिल्डिंगच्या दारातल्या वॉचमनकाकांसाठी तो स्वतःहून गार ताकाची बाटली घेऊन खाली गेला. मी मात्र इतकी वर्षं त्यांना नुसताच सलाम करत होतो.

आता नोव्हेंबरची गुलाबी हवा येईल. मंडळाच्या फराळाला भेटूच. शुभ दीपावली!