उतारा

एक्सेलच्या कोऱ्या खान्यात इंग्रजी आकड्यांत ७/१२ लिहा आणि एंटर दाबा. कॉम्प्युटरची सेटिंग भारतीय असेल तर ७ डिसेंबर ही तारीख उमटेल, अमेरिकी असेल तर १२ जुलै. आत तर तारीखही नसते. १९०० सालापासून मोजलेल्या दिवसांचा एक पाच आकडी नंबर असतो. महाराष्ट्रात ज्या कागदावरून भावाभावांत बोलणं बंद होतं, त्याचं नाव जगातल्या सर्वांत लोकप्रिय स्प्रेडशीटला वाचता येत नाही.

मी नोकरीत जे करतो त्यातला मोठा भाग डेटाबेसशी बोलण्यात जातो. आमच्याकडे कितीही देखणा डॅशबोर्ड बनवा, शेवटी अकाउंट्समधून किंवा सेल्समधून एकच निरोप येतो : ‘तेवढं एक्सेलमध्ये काढून द्या ना.’ क्वेरी चालवायची, आलेल्या ओळी फाइलमध्ये उतरवायच्या आणि पाठवायच्या. इंग्रजीत याला एक्सपोर्ट म्हणतात. मराठीत याच्यासाठी फार पूर्वीपासून एक नेमका शब्द आहे : उतारा. (विंचवावरचा आणि कोकणात तिठ्यावर ठेवतात तोही उताराच, पण त्याबद्दल पुन्हा कधीतरी.) मोठ्या दप्तरातून आपल्यापुरतं उतरवून घेतलेलं ते उतारा. मूळ दप्तर जागेवरच राहतं, तुमच्या हातात येते ती त्या दिवशीची नक्कल.

ही कल्पना कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे. पेशवाईत हुजूर दप्तराचे दोन मोठे भाग होते. रोजचा व्यवहार, हिशेब, सनदा यांचं ते चालते दप्तर. दुसरं एकबेरीज दप्तर, पुण्यातच ठेवलेलं. इतर दप्तरांतून आलेले हिशेब लावून घ्यायचे आणि त्यातून सगळ्या राज्याच्या जमा-खर्च-शिलकेचा गोषवारा बनवायचा, हे त्याचं काम. त्या गोषवाऱ्याला तर्जुमा म्हणत. शिवाय खतावण्या व्हायच्या : सरंजाम, इनामं, नेमणुका अशा विषयांप्रमाणे लावलेल्या, वर्षवार. माझ्या भाषेत सांगायचं तर चालते दप्तर म्हणजे ज्यात दिवसभर नोंदी पडतात तो डेटाबेस आणि एकबेरीज म्हणजे रिपोर्टिंगचा वेगळा सर्व्हर. आम्ही हे वेगळेपण आर्किटेक्चर म्हणून प्रेझेंटेशनमध्ये दाखवतो. नाना फडणिसांच्या कारकुनांनी ते मोडी लिपीत, सुट्या कागदांवर आणि रुमालांत बांधून चालवलं होतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ही शिस्त बिघडली आणि १८१८ साली सगळं इंग्रजांच्या हाती गेलं.

इंग्रजांनी या दप्तराला काय विचारलं, ते महत्त्वाचं आहे. १८५२च्या ११व्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. तुझं इनाम खरं का, दाखव पुरावा, असा तो मामला. घरातली सनद आणि दप्तरातली नोंद ताडून पाहिली जायची. पिढ्यान्‌पिढ्या खात आलेली जमीन आता रुमालातल्या एका ओळीवर टिकणार किंवा जाणार होती. ज्यांची जमीन होती त्यांना तो रुमाल स्वतः सोडून पाहता येत नव्हता.

रत्नागिरी जिल्ह्यात गोष्ट आणखी अवघड होती. इथली बहुसंख्य गावं खोती. सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये खोत उभा. गावाचा सारा त्याने सरकारात भरायचा आणि कुळांकडून आपला हिस्सा वसूल करायचा, बहुतेक धान्यात. अर्धं पीक देणारा अर्धेली, तिसरा हिस्सा देणारा तिर्धेली. उभ्या पिकाचा अंदाज खोताचा, माप खोताचं, वहीही खोताची. कुळाने गेल्या वर्षी किती दिलं आणि बाकी किती, याचं उत्तर एकाच वहीत, आणि ती वाचण्याचा अधिकार एकालाच. जिथे वाचण्याची परवानगी फक्त ॲडमिनला असते, तिथे आकडे खरे की खोटे हा प्रश्नच बाद होतो.

म्हणून १८८०च्या खोती सेटलमेंट कायद्यातली मला सर्वांत मोठी वाटणारी बाब दराची नाही. कोणत्या कुळाकडे कोणती जमीन, कोणत्या हक्काने, देणं किती, हे सर्व्हे अधिकाऱ्याने सरकारी नोंदीत लिहायचं, ही ती बाब. कुळाची ओळ पहिल्यांदा खोताच्या वहीबाहेर आली. त्याने खोती गेली नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, तेव्हाही ती होती. प्रत्यक्ष रद्द व्हायला १९४९चा कायदा यावा लागला.

हेदवी गुहागर तालुक्यातलं. लोक इथे दशभुज गणपतीसाठी येतात आणि भरतीच्या वेळी बामणघळीतून उसळणारं पाणी मोबाइलवर टिपून जातात. माझी या गावाशी ओळख आधी कागदातून झाली. पत्र्याच्या ट्रंकेतले हाताने लिहिलेले सातबारे : एक खाचर, थोडी वरकस जमीन, कातळाचा तुकडा, आणि त्या एवढ्याशा क्षेत्रावर नावांची ही रांग. कोकणातला सातबारा असाच असतो, जमीन गुंठ्यांत आणि माणसं डझनांत.

सातबारा नक्की आहे काय, हे मला डेटाबेस शिकल्यावर कळलं. गावाचं महसुली दप्तर २१ गाव नमुन्यांत ठेवलं जातं, महसूल खात्यातली माणसं त्यासाठी अजून अँडरसन मॅन्युअलचं नाव काढतात. हे नमुने म्हणजे सरळ टेबलं आहेत. नमुना १ हा आकारबंद : सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार. नमुना ६ फेरफार नोंदवही : खरेदी, वारस, बोजा, जे घडलं ते क्रमाने. यातली जुनी नोंद खोडायची नाही, नवी पुढे लिहायची. नमुना ७ मध्ये आजच्या घडीला हक्क कोणाचा. ८-अ मध्ये तीच माहिती खातेदाराच्या बाजूने, म्हणजे एका माणसाच्या गावातल्या सगळ्या जमिनी. १२ मध्ये पिकं, हंगामवार. सातबारा म्हणजे नमुना ७ आणि नमुना १२ एका सर्व्हे नंबरवर जोडून काढलेला कागद. जॉइन मारलेली क्वेरी, आणि तिचं छापील उत्तर.

इथली प्रायमरी की म्हणजे सर्व्हे नंबर, आणि तीही आयती मिळालेली नाही. १८३६च्या सुमारास इंदापूर भागात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी मोजणीपद्धत उभी केली, तिच्यातून शेताला नंबर देण्याची रीत मुंबई इलाख्यात पसरली. त्याआधी शेतं नावाने ओळखली जायची आणि शेजारच्याने दुसरंच नाव घेतलं की तंटा. नंतर १९०३च्या कायद्याने हक्कनोंदणी आली आणि नंबराला माणसं कायद्याने जोडली गेली.

हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यातल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. प्रत्येक नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असतो, तो फेरफार क्रमांक. हे नाव इथे का आलं, त्याचं उत्तर नमुना ६ मध्ये त्या क्रमांकावर. दुसरं, हक्क संपलेलं नाव खोडत नाहीत, कंसात टाकतात. गावात अजून म्हणतात, ‘त्याचं नाव कंस झालं.’ आम्ही याला सॉफ्ट डिलीट म्हणतो आणि त्यासाठी मीटिंगा घेतो. माझ्या क्षेत्रातल्या किती एक्सपोर्टमध्ये प्रत्येक ओळ कुठून आली हे लिहिलेलं असतं? मी तरी क्वचितच पाहिलंय.

तिसरी गोष्ट आणेवारी. जुन्या कागदांत हिस्से रुपये-आणे-पैत असतात. अख्खी जमीन म्हणजे एक रुपया, १६ आणे, १९२ पै. तिघा भावांत वाटली की प्रत्येकी ५ आणे ४ पै, तंतोतंत. हेच एक्सेलमध्ये टक्क्यांत दोन दशांशांपर्यंत लिहा, प्रत्येकी ३३.३३, बेरीज ९९.९९. उरलेला टक्क्याचा शंभरावा हिस्सा कोणाचा, यावर कोकणात दोन पिढ्या कोर्टात जाऊ शकतात. १९२ला २, ३, ४, ६, ८, १२, १६ या सगळ्यांनी भाग जातो. पाच भाऊ असले की मात्र आणेवारीचीही पंचाईत.

एका ओळीत काय लिहिलंय यावर किती अवलंबून असतं, याचा सर्वांत मोठा दाखला १ एप्रिल १९५७. १९४८च्या कूळ कायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि हा दिवस कृषक दिन ठरला. त्या तारखेला कायद्याच्या व्याख्येत बसणारं कूळ त्या जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. किंमत भरणं, अपवाद, दावे, हे सगळं पुढे चाललंच. पण पाया एका स्नॅपशॉटचा : त्या दिवशी कूळ म्हणून कोणाचं नाव होतं? कसत होता पण नोंद नव्हती, अशा माणसाला पुढची वर्षं साक्षीपुरावे गोळा करावे लागले. कसेल त्याची जमीन ही घोषणा होती. व्यवहारात कसणाऱ्याला आधी नोंद दाखवावी लागायची.

दरम्यान जगाच्या दुसऱ्या टोकाला या सगळ्याची यंत्रं बनत होती. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉडने माहिती टेबलांत मांडायचं गणित दिलं. त्यातून क्वेरीची भाषा निघाली. १९७९ साली व्हिझिकॅल्क हे पहिलं गाजलेलं स्प्रेडशीट ॲपल टू कॉम्प्युटरवर आलं, मग लोटस १-२-३, मग १९८५ साली एक्सेल. डेटाबेस आणि स्प्रेडशीट ही दोन वेगळी घराणी. एकाला प्रत्येक रकान्यात कोणत्या जातीची माहिती येणार हे आधी ठरवून हवं असतं, दुसरं समोर येईल त्यावरून अंदाज बांधतं. दोघांमधला निरोप्या म्हणजे सीएसव्ही, स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. त्यात मूल्यं जातात, त्यांचा अर्थ जात नाही.

त्या अंदाजाने काय होतं ते जीवशास्त्रज्ञांना विचारा. सेप्ट १ आणि मार्च १ नावाची जनुकं एक्सेल तारखा समजून बदलत राहिलं. २०१६च्या एका पाहणीत जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी जवळपास पाचव्या हिश्श्यात अशा चुका सापडल्या. २०२० साली जनुकांना नावं देणाऱ्या समितीने हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाले. प्रयोगशाळांचे सीएसव्ही जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ओतले जात होते आणि त्या फाइलची हद्द ६५,५३६ ओळींची. पुढच्या ओळी नुसत्या पडून गेल्या. त्या रुग्णांना आपण पॉझिटिव्ह आहोत हे कळलं होतं, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला काही दिवस कोणी गेलंच नाही.

आपल्याकडचे सर्व्हे नंबर या सापळ्यात अलगद जातात. १२/३ म्हणजे सर्व्हे नंबर १२, हिस्सा ३. एक्सेलमध्ये तो १२ मार्च होतो. २/४५ लिहिलं तर फेब्रुवारीतली तारीख. ४५/२ मात्र तारीख होऊ शकत नाही म्हणून शाबूत राहतो, आणि हेच जास्त धोक्याचं. सगळंच बिघडलं असतं तर लगेच दिसलं असतं. शिवाय देवनागरी नावं असलेली सीएसव्ही नुसती डबल-क्लिक करून उघडली की फाइलच्या सुरुवातीला युनिकोडची खूण नसल्यास नावांच्या जागी युरोपातल्या भाषांची टोपीवाली अक्षरं दिसतात. गणपतही तसाच आणि गंगूबाईही तशीच.

महाराष्ट्राचं दप्तर कॉम्प्युटरवर चढलं तेव्हाचा धडा यापेक्षा मोठा होता. हस्तलिखित सातबारे टाइप झाले, आणि कंस, पुसट अक्षरं, तलाठ्यांची वेगवेगळी वळणं यांचा मेळ बसवावा लागला. आकारबंदातलं क्षेत्र आणि सातबाऱ्यांवरची बेरीज जुळेना. यावर केलेला एक उपाय मला कुठल्याही टेस्टिंग टूलपेक्षा आवडतो : चावडीवाचन. टाइप झालेले सातबारे गावात वाचून दाखवायचे, लोकांनी हरकती घ्यायच्या. ज्याचं नाव त्यानेच ऐकून म्हणायचं, हे चुकलंय. लेखनातली चूक दुरुस्त करायला जमीन महसूल संहितेचं कलम १५५ आहे. त्याच्या जवळच कलम १५७ : हक्कनोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानायची. म्हणजे हा कागद गृहीत आहे, मालकीचा अखेरचा निकाल नाही. फाइल उघडणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य डोक्यात ठेवायला हरकत नाही.

आता २०१८पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो आणि २०२१पासून ई-पीक पाहणीत शेतकरी नमुना १२ची माहिती स्वतःच्या मोबाइलवरून भरतो. मुंबईच्या लोकलमध्ये उभ्या चाकरमान्याला हेदवीतला कुठलाही गट पाहता येतो. स्वतःचाच नाही, शेजाऱ्याचाही. खोताच्या वहीपासून हा फार लांबचा पल्ला आहे आणि त्याचं कौतुक मी हातचं राखून करणार नाही.

तरी मिळते ती पीडीएफ. तिचं पुढे काय होतं, हे कोकणी घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. कोणीतरी इंजिनिअर पोरगा ती परत टेबलात उतरवतो, कारण वाटणीची बोलणी सुरू झालेली असतात. आमच्याकडे तो पोरगा मी. सर्व्हे नंबरचा रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून ठरवला आहे, हिस्सा अपूर्णांकात लिहिला आहे, टक्क्यांत नाही. वर उतारा कोणत्या तारखेचा ते, आणि प्रत्येक नावापुढे फेरफार क्रमांक. चार नावांपुढे तो रकाना रिकामा आहे. ती माणसं वारल्याला बरीच वर्षं झाली, पण वारसांची नोंद कोणी लावलेली नाही. दोघांचे वारस मुंबईत, एकाचे बडोद्याला. चौथ्याचं कोणाला विचारावं, ते आत्या सांगेल म्हणतात.