कुंपणच शेत खाते तेव्हा

१८८५ साली डेव्हिड डग्लस कनिंगहॅम या कलकत्त्यातल्या ब्रिटिश डॉक्टरने ‘दिल्ली बॉइल’ नावाच्या चिवट फोडाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. वाळूमाशी चावते, काही आठवड्यांनी पुळी उठते, तिचा व्रण होतो. तो महिनोन्महिने भरत नाही आणि भरला तरी चेहऱ्यावर कायमचा खोल वण ठेवून जातो. हाच फोड बगदादमध्ये बगदादच्या नावाने, आलेप्पोत आलेप्पोच्या नावाने ओळखला जाई. कनिंगहॅमला त्या छेदात मोठमोठ्या पेशी दिसल्या, आत बारीक गोल ठिपके. त्या मोठ्या पेशींनाच त्याने परजीवी समजले.

ती चूक होती. १८९८मध्ये ताश्कंदच्या लष्करी इस्पितळातील शल्यवैद्य प्योत्र बोरोव्स्की यांनी आतले ठिपके हाच एकपेशीय परजीवी असल्याचे ओळखले. लेख रशियन भाषेत असल्याने पश्चिमेला त्याचा पत्ता लागला नाही. १९०३मध्ये बोस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी आर्मेनियातून आलेल्या एका लहान मुलीच्या फोडात तेच ठिपके स्वतंत्रपणे पाहिले. पुढे त्यांना ‘लीशमानिया’ हे नाव मिळाले. मग त्या मोठ्या पेशी कोणाच्या? रोग्याच्याच. त्या शरीराच्या पहारेकरी भक्षकपेशी होत्या.

या रोगाचा इतिहास वाचताना मी कनिंगहॅमच्या चुकीपाशी पुन्हा पुन्हा थांबतो. त्याच्या तीन वर्षे आधी, १८८२मध्ये, मेसिना येथे एली मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचे काटे टोचले आणि भटक्या पेशी काट्यांभोवती गोळा होताना पाहिल्या. परक्याला गिळून शरीर राखणाऱ्या पेशींची कल्पना तिथे रुजली. १९०८मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. लीशमानिया मात्र गिळला जातो आणि पहारेकऱ्याच्या पोटातच संसार थाटतो.

२००८मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी जिवंत उंदराच्या त्वचेत ही घटना प्रत्यक्ष पाहिली. वाळूमाशीने दंश केलेल्या जागी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी लगोलग धावून आल्या आणि त्यांनी परजीवी गिळले. पण या पेशी आधीच काढून टाकलेल्या उंदरांत संसर्ग वाढण्याऐवजी परजीवींना बस्तान बसवणेच अवघड गेले. मदतीला धावलेल्यांनीच चोराला घरात घेतले होते.

दक्षिण अमेरिकेतील एका प्रकारात रोग नाकापर्यंत पोचतो आणि नाकाचा पडदा झडतो. तिथल्या ऊतींत परजीवी शोधूनही फारसे सापडत नाहीत. नासधूस मात्र भयंकर असते. मग ती कोण करते? याचे एक उत्तर २०१३मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून पुढे आले: मारक टी-पेशी. त्या रोगग्रस्त पेशी फोडतात, पण आतला परजीवी त्याने मरतोच असे नाही. दाह भडकतो, व्रण रुंदावतो, रोग दूरच्या जागीही पसरतो.

म्हणून केवळ परजीवी मारणारे अँटिमनीचे औषध काही रोग्यांना पुरत नाही. २००७मध्ये ब्राझीलमध्ये नाकाचा रोग असलेल्या २३ जणांवर एक चाचणी झाली. अँटिमनीच्या जोडीला दाह शमवणारे पेंटॉक्सिफायलिन ज्यांना मिळाले, त्यांचे व्रण लवकर भरले. चाचणी लहान होती, पण विचाराची दिशा बदलणारी होती.

मग कुंपणच काढून टाकावे काय? तसेही नाही. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसात हाच परजीवी मोकाट सुटतो. उलट एकदा फोड बरा झाला की तो सहसा पुन्हा होत नाही. म्हणूनच पश्चिम आशियात मुलांच्या झाकल्या अंगावर मुद्दाम फोड टोचून घेत, चेहरा वाचावा म्हणून. बरे करणारी आणि बिघडवणारी फौज एकच आहे; प्रश्न तिला आवरायचे केव्हा, हा आहे.

कनिंगहॅमने पहारेकऱ्याला चोर म्हटले, ते चुकलेच. पण व्रणाचा सगळा दोष एकट्या चोरावर टाकणे हीसुद्धा चूकच होती, आणि ती सुधारायला आपल्याला शंभराहून अधिक वर्षे लागली.