बदलीचा आदेश आला, आता खोकी कशी भरायची?

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या बदल्या २००५ च्या कायद्यानुसार साधारणपणे वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात होतात. त्यामुळे परभणी, जिंतूर, सेलू किंवा गंगाखेडमधून पुणे-संभाजीनगरकडे निघालेल्या अनेक घरांचं सामान भर उन्हाळ्यात हलतं. परभणीचा पारा तेव्हा ४२ अंशांच्या पुढे जातो, आणि जूनमध्ये निघालं तर पाऊस गाठतो. सामान धड पोहोचेल की नाही, हे बरंचसं खोकी भरतानाच ठरतं.

जड वस्तू लहान खोक्यात

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मोठ्या खोक्यात पुस्तकं भरणं. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी ४५ सेंमी असलेल्या खोक्यात सुमारे ९० लिटर जागा असते. ते पुस्तकांनी गच्च भरलं तर वजन ५० किलोंच्या पुढे जातं आणि उचलताना तळ फाटतो. तेच खोकं ३० सेंमीचं घेतलं तर वजन १६ ते २० किलोंच्या आसपास राहतं. म्हणून पुस्तकं, डाळी, लोखंडी तवे लहान खोक्यात. उशा, गोधड्या, प्लास्टिकचे डबे मोठ्या खोक्यात.

खोकं कोणतं घ्यावं?

किराणा दुकानातली जुनी खोकी हलक्या सामानाला चालतात. भांडी आणि काचेसाठी मात्र पाच पदरी पुठ्ठ्याची खोकी चांगली. पुठ्ठ्याच्या आतल्या नाळ्या उभ्या असतात तेव्हाच खोकं वरचं वजन पेलतं, म्हणून ते आडवं करून रचू नये. ओल लागली की पुठ्ठ्याची ताकद जाते. तळाला मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर चिकटपट्टी लावावी.

स्वयंपाकघर

ताटं-बश्या आडव्या न रचता उभ्या ठेवाव्यात. धक्का बसला तर कमी फुटतात. मोकळी जागा टॉवेल, ओढण्या, जुन्या साड्यांनी भरावी. कपडे तसेही न्यायचेच असतात, वेगळा कागद विकत घ्यावा लागत नाही. हातात हलवून पाहिल्यावर आतून आवाज आला, तर खोकं अजून भरलेलं नाही.

लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर आधी प्लास्टिक, मग झाकण, वर घट्ट दादरा बांधावा. उन्हात तूप पातळ होऊन गळतं, म्हणून त्याचा डबा पिशवीत घालून उभाच ठेवावा. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करावा.

नाव कुठे लिहायचं?

खोक्याच्या वर नाही, बाजूला. एकावर एक रचल्यावर वरचं झाकण दिसत नाही. क्रमांक, खोली आणि मोजक्या वस्तू लिहाव्यात. तीच यादी वहीत आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावी. चहाचं पातेलं, चार्जर, औषधं, चादरी आणि मुलांचे कपडे एका वेगळ्या खोक्यात भरून ते गाडीत सगळ्यात शेवटी चढवावं, म्हणजे उतरवताना ते आधी हाताशी येतं.

यादीचा खरा उपयोग

रस्त्यानं मालवाहतुकीसाठी २००७ चा कायदा आहे. त्यानुसार माल देताना त्याचं वर्णन आणि किंमत लिहून द्यायची असते आणि वाहतूकदाराकडून पावती, म्हणजे बिल्टी घ्यायची असते. माल हरवला किंवा मोडला आणि दावा लावायची वेळ आली, तर त्याआधी माल दिल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस पोहोचावी लागते. क्रमांकवार यादी आणि फोटो नसतील, तर काय हरवलं हे सिद्ध करणं अवघड जातं.

दागिने, रोकड, सेवापुस्तकाच्या प्रती, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले मात्र कोणत्याच खोक्यात नकोत. ते घरच्या माणसाच्या हातातल्या पिशवीतच हवेत.