प्रयोग फसला तर तोटा कुणाचा? वऱ्हाडच्या इतिहासातून अनुदानाची गोष्ट

१/
नवी कल्पना बाजारात टिकेल की नाही, हे प्रयोग केल्यावाचून कळत नाही. कर्ज काढून केलेला प्रयोग फसला, तरी कर्ज फेडावेच लागते. म्हणून लहान उद्योजकापुढचा प्रश्न केवळ भांडवलाचा नसतो. जोखीम कोणी उचलायची, हाही असतो. अमरावती-अकोल्याच्या इतिहासात तो वारंवार दिसतो.

२/
१८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव कडाडले.

३/
त्याच दशकात 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला' रेल्वे वऱ्हाडातून पुढे जात १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. या कंपनीच्या भागधारकांना सरकारने ५ टक्के परताव्याची हमी दिली होती. नफा कमी पडला, तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघे. धाडस कंपनीचे, जोखीम रयतेची!

४/
पुढे खामगाव (तेव्हा अकोला जिल्ह्यात) आणि अमरावती या कापूसपेठांना मुख्य मार्गाशी जोडणारे फाटे १८७० व १८७१ मध्ये सरकारी पैशानेच झाले.

५/
१८६५ मध्ये युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले. त्या वेळी शेतकऱ्याला वा लहान व्यापाऱ्याला कसलीही हमी नव्हती. १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी तगाईची सोय केली. पण ती विहीर, बी-बियाणे, बैल यांसाठी. शिवाय तगाई हे कर्जच होते.

६/
सरकार पुढे येत नसेल तर? वऱ्हाडाबाहेर, पुण्याजवळ, त्याचे एक उत्तर सापडते. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी दरसाल एक पैसा गोळा करण्याची कल्पना राबवली. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एका नव्या उद्योगाची जोखीम हजारो हातांनी वाटून घेतली.

७/
१९१६ ते १९१८ च्या औद्योगिक आयोगाने उद्योगांना सरकारी साहाय्य देण्याचा आग्रह धरला. मद्रासने १९२२ मध्ये तसा कायदा केला. १९०३ पासून वऱ्हाड ज्याला जोडलेला होता, त्या मध्य प्रांतात असा कायदा व्हायला १९३३ उजाडले.

८/
१९६९ मध्ये अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते अमरावती जिल्ह्यातील पापळचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने ओळखले जाते. तिथे विकसित झालेल्या मिनी डाळ मिलमुळे गावातच तुरीची डाळ करणे शक्य झाले. यंत्र घडवून पारखण्याचा भार विद्यापीठाने सोसला. गावातल्या उद्योजकाच्या हाती पारखलेले यंत्र पडले. चाचणीचा खर्च समाजाने उचलण्याची हीही एक रीत.

९/
२०२१ च्या 'स्टार्टअप इंडिया सीड फंड' योजनेत कल्पना पारखण्यासाठी व नमुना बनवण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान ठेवले गेले. ते टप्प्याटप्प्याने, ठरलेली कामगिरी पाहून मिळण्याची तरतूद होती. मात्र त्यासाठी मान्यताप्राप्त स्टार्टअप असण्याची अट होती. घरातून चालणारा एकट्या मालकीचा पापड-मसाल्यांचा उद्योग त्या चौकटीत बसत नव्हता.

१०/
अनुदानाला अनेकदा खैरात म्हटले जाते. पण दीडशे वर्षांपूर्वी रेल्वेच्या भागधारकांना हीच सवलत 'हमी' या भारदस्त नावाने मिळाली होती. जोखीम समाजाने वाटून घेणे वऱ्हाडाला नवे नाही. ती कुणासाठी वाटून घ्यायची, हा प्रश्न मात्र तेव्हाही होता आणि आजही आहे.